भाड्याच्या घरातील मुका रहिवासी

एप्रिल-मे हा शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा मोसम होय. आदेश हाती पडला की मुलांचे शाळेचे दाखले, गॅसची जोडणी, बँकेतील पत्ता आणि सामानाचा ट्रक यांच्या धावपळीत सारे कुटुंब गुंतून जाते. नव्या गावी भाड्याचे घर मिळविणे हा तर त्याहून बिकट प्रश्न. अशा वेळी घरात पाच-सहा वर्षे वाढलेले कुत्रे किंवा मांजर असेल, तर या प्रश्नाची गाठ आणखीच घट्ट बसते. “जनावर असेल तर घर देणार नाही” हे उत्तर दोन-तीन ठिकाणी ऐकले की कुटुंबापुढे सामान्यतः दोन वाटा उरतात. एक, प्राणी असल्याचे न सांगता घर घ्यावयाचे आणि मग त्याला चोरून आणावयाचे. दुसरी, त्याला जुन्या गावीच सोडून द्यावयाचे. ट्रक निघून गेल्यानंतर कुलूपबंद दाराशी बसून राहिलेले कुत्रे हे दृश्य तालुक्याच्या गावांना अपरिचित नाही.

या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत आणि दुसरी तर अपराधाची आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ प्रमाणे, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला सोडून देणे ही क्रूरताच समजली जाते. पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. ही रक्कम वाचून आज कोणालाही हसू येईल. १९६० साली ती ठरली, त्यानंतर तिच्यात वाढ झालेली नाही. परंतु दंड लहान आहे म्हणून कृत्य लहान ठरत नाही. राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१ क मध्ये सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद केलेले आहे.

तिसरी वाट मात्र सरळ आहे, आणि तीच सर्वांत कमी वापरली जाते. प्राण्याची नोंद उघडपणे, लेखी आणि करारनाम्यातच करणे, ही ती वाट होय.

नोंद कोणाकडे करावयाची?

“कुत्र्याची नोंदणी” म्हटले की बहुतेकांच्या मनात महानगरपालिकेचा परवाना येतो. तो आवश्यक आहेच. महानगरपालिकांच्या अधिनियमांत कुत्र्यांवरील कराची तरतूद जुनी आहे, आणि अनेक शहरांत दरवर्षी शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. काही शहरांत मांजरांचीही नोंदणी होते. परवान्यासाठी सर्वसाधारणपणे मालकाच्या पत्त्याचा पुरावा, प्राण्याचे छायाचित्र आणि रेबीज प्रतिबंधक लस टोचल्याचा दाखला लागतो. हा दाखला नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच हवा. लसीची पहिली मात्रा पिल्लू सुमारे तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि पुढे पशुवैद्यकाने लिहून दिलेल्या तारखांप्रमाणे ती पुन्हा द्यावी लागते. काही मालक प्राण्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवून घेतात. तिच्यातील पंधरा अंकी क्रमांक यंत्राने वाचता येतो आणि हरवलेल्या प्राण्याची ओळख पटविण्यास तो उपयोगी पडतो.

ग्रामीण वाचकांस यात नवे काही वाटू नये. गाई-म्हशींच्या कानातील बारा अंकी बिल्ला आता गोठ्यागोठ्यांत दिसतो आणि त्या क्रमांकावर लसीकरणाची व मालकीची माहिती मिळते. गोठ्यातल्या जनावराला जी शिस्त लागली, ती उंबऱ्याच्या आतल्या जनावराला लागावयाची आहे, एवढाच काय तो फरक.

मात्र पालिकेचा परवाना आणि दवाखान्याचा दाखला हे दोन्ही कागद प्राण्याचे व त्याच्या मालकाचे नाते सांगतात. प्राणी ज्या घरात राहणार त्या घराच्या मालकास ते बांधून ठेवीत नाहीत. परवाना आहे म्हणून घरमालकाने प्राणी ठेवू दिलाच पाहिजे असे नाही; आणि घरमालकाने होकार दिला म्हणून परवान्याची गरज संपते असेही नाही. घरमालकाकडील नोंद ही स्वतंत्र बाब आहे, आणि तिचे स्थान भाडेकरारातच आहे.

करारनाम्यातील चार ओळी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्यातील कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने देण्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्स तत्त्वावर देण्याचा करारनामा लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहूनही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लेखी व नोंदणीकृत करारनामा नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले होते याविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘कुत्रे ठेवावयाचे नाही असे मी तोंडी बजावले होते’, असे सांगणाऱ्या घरमालकास या तरतुदीपुढे फारसा आधार उरत नाही.

याची दुसरी बाजू भाडेकरूने ध्यानात ठेवावयाची आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घराचा ताबा परत मिळविण्यासाठी घरमालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. आणि या कामी लेखी करारनाम्यात जे नमूद केलेले असते ते निर्णायक पुरावा मानले जाते. आता प्रत्यक्षात काय घडते? करारनाम्याचा मसुदा बहुधा मध्यस्थाकडे तयार असतो. नावे, पत्ते, भाडे, अनामत रक्कम एवढेच त्यात बदलले जाते. अशा ठरावीक मसुद्यांत पुष्कळदा ‘जागेत कोणताही प्राणी पाळणार नाही’ असे एक वाक्य दडलेले असते. घरमालकाने प्रत्यक्ष भेटीत हसून होकार दिलेला असतो, मुलांनी कुत्र्याचे नावही त्यांना सांगितलेले असते. पण अंगठ्याचा ठसा उमटतो तो नकाराच्या वाक्याखाली. पुढे कोणत्याही कारणाने संबंध बिघडले की तो हसरा होकार कोणाच्याच स्मरणात राहत नाही आणि कागद मात्र राहतो.

म्हणून मसुदा वाचून ते वाक्य काढावयास लावणे आणि त्याच्या जागी चार ओळी घालणे आवश्यक ठरते. प्राण्याची जात, रंग, वय, नर की मादी, निर्बीजीकरण झाले आहे की नाही, परवान्याचा क्रमांक, लसीची शेवटची तारीख आणि चिप असल्यास तिचा क्रमांक एवढी माहिती त्या ओळींत मावते. ‘एक पाळीव प्राणी’ एवढेच मोघम लिहून भागत नाही. मांजर म्हणून दिलेल्या परवानगीवर उद्या मोठ्या जातीचे कुत्रे आले तर घरमालकाची तक्रार रास्तच ठरेल. कराराच्या मुदतीत नवा प्राणी आणावयाचा झाल्यास आधी लेखी संमती घ्यावी आणि पुरवणी करारनामा करावा, असेही त्यातच लिहिणे चांगले.

अनामत रकमेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. प्राण्यासाठी म्हणून वेगळी अनामत घेण्याविषयी या अधिनियमात तरतूद नाही. तो उभयपक्षी ठरवावयाचा व्यवहार आहे. घरमालकाने काही अधिक रक्कम मागितली तर ती अवाजवी म्हणून लगेच झिडकारू नये. त्याचे भय खोटे नसते. दाराच्या चौकटीवर नखांचे ओरखडे, फाटलेल्या जाळ्या, लाकडी फडताळात मुरलेला वास यांचा खर्च त्याने कधी ना कधी सोसलेला असतो, आणि बहुधा तो प्राणी लपवून ठेवणाऱ्या आधीच्या एखाद्या भाडेकरूमुळेच सोसलेला असतो. परंतु ही रक्कम कशासाठी घेतली आणि कोणत्या परिस्थितीत परत करावयाची, हे करारनाम्यात असले पाहिजे आणि तिची पावती मिळाली पाहिजे. राहावयास जाण्यापूर्वी दोघांनी मिळून घराची पाहणी करून चौकटी, फरशी, जाळ्या व भिंतींची छायाचित्रे काढून ठेवली तर घर सोडताना वादाला जागा राहत नाही. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

घरमालक आणि गृहनिर्माण संस्था

या विषयात सर्वांत अधिक गोंधळ होतो तो घरमालकाचा अधिकार आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेचा अधिकार यांची सरमिसळ झाल्यामुळे. घरमालक सांगतो की माझी हरकत नाही, पण आमच्या सोसायटीत चालत नाही. सोसायटीचे सचिव सांगतात की सर्वसाधारण सभेने बहुमताने ठराव केला आहे. भाडेकरूला वाटते की बहुमत झाले म्हणजे विषय संपला.

तो तसा संपत नाही. १९६० च्या अधिनियमाखाली १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये रहिवासी संघटना व सदनिकाधारकांच्या संस्था यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रुक्मिणीदेवी अरुंडेल या मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा होत. राज्यसभेत त्यांनी मांडलेल्या खाजगी विधेयकातूनच या अधिनियमाची वाट मोकळी झाली होती. मंडळाच्या सूचनांनुसार, पालिकेचे नियम पाळणाऱ्या रहिवाशाला, मग तो सदनिकेचा मालक असो की भाडेकरू, पाळीव प्राणी ठेवण्यास संस्थेने बंदी करणे योग्य नाही. बहुमताने ठराव करून किंवा उपविधीत बदल करूनही तशी बंदी घालता येत नाही. प्राण्याच्या जातीवरून किंवा आकारावरून भेद करणे आणि प्राण्यास उद्वाहकातून नेण्यास मनाई करणे याही गोष्टी त्या सूचनांना मान्य नाहीत. सूचना म्हणजे कायदा नव्हे, हे खरे. परंतु केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, रहिवाशांना आपल्या घरात पाळीव प्राणी ठेवण्यास सरसकट मनाई करणारी उपविधींतील व करारांतील कलमे घटनाबाह्य आणि अंमलात आणता न येणारी ठरविली. तो निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नसला तरी विचारात घेतला जाण्याजोगा आहे.

आता यातून घरमालकही बांधला जातो काय? येथे पुष्कळ भाडेकरू फसतात. मंडळाच्या सूचनांची प्रत घेऊन ते घरमालकाकडे जातात आणि आपला हक्क सांगू लागतात. त्या सूचना संस्थांना उद्देशून आहेत. आपली सदनिका कोणाला आणि कोणत्या अटींवर द्यावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्य घरमालकाला आहे, आणि करार होण्यापूर्वी त्याने प्राण्यास नकार दिला तर त्याला या सूचनांच्या बळावर भाग पाडता येत नाही. त्याचे मन वळविणे एवढेच हाती राहते. उलट, घरमालकाने लेखी संमती दिल्यावर संस्थेने आडकाठी घातली तर ती टिकण्यासारखी नाही. म्हणजेच “सोसायटीत चालत नाही” हे उत्तर देऊन घरमालकाने सुटका करून घेऊ नये, आणि घरमालकाच्या नकाराचे खापर संस्थेवर फोडण्यातही अर्थ नाही.

आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने देण्यासाठी सभासदाला संस्थेची परवानगी घ्यावी लागत नाही. आठ दिवस आधी सूचना देऊन करारनाम्याची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सादर करावी लागते. करारनाम्यात प्राण्याच्या नोंदीच्या ओळी असतील तर त्याच प्रतीतून संस्थेलाही आपोआप माहिती मिळते. सोबत परवाना व लसीच्या दाखल्याची छायाप्रत जोडावी. सचिवांकडील फाईलमध्ये हे कागद असले म्हणजे जिन्यात कुत्रे पाहून घाबरलेल्या शेजाऱ्यास देण्यासाठी त्यांच्याजवळ काही उत्तर असते. संस्थांना या नोंदी ठेवण्याचे काम अवश्य करता येते. बंदीचे ठराव करण्यात जाणारा सभेचा वेळ त्यांनी इकडे वळवावा.

शेजाऱ्यांच्या बाजूनेही कायदा उभा आहे. ताब्यातील प्राण्यापासून माणसास धोका पोहोचू नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्यांना भाडे नियंत्रण अधिनियमाचे संरक्षण आहे अशा भाडेकरूंच्या बाबतीतही लगतच्या रहिवाशांना उपद्रव होईल असे वर्तन हे घर खाली करून घेण्याचे एक कारण आहे. दिवसभर एकटे कोंडून ठेवलेले कुत्रे भुंकणारच. दोघेही नोकरीवर जाणाऱ्या कुटुंबाने प्राणी आणण्यापूर्वी याचा विचार करावा, आणि आणलाच असेल तर दुपारी त्याच्याकडे कोण पाहणार हे घरमालकास आधीच सांगून ठेवावे.

पिंजऱ्यातील पोपटाविषयी येथेच सांगितले पाहिजे, कारण घर बदलताना तो सामानाबरोबर सहज उचलला जातो. आपल्याकडे सर्वत्र आढळणारा हिरवा पोपट आणि तारा कासव हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना घरात ठेवणे हाच अपराध असल्याने त्यांची नोंद घरमालकाकडे करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परदेशी जातींच्या काही पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते.

साहाय्यक प्राण्याची गोष्ट वेगळी

आतापर्यंतचे विवेचन सोबतीसाठी पाळलेल्या प्राण्यांविषयी झाले. परंतु ज्याच्या आधाराने अंध मनुष्य रस्ता ओलांडतो, ते कुत्रे या वर्गात बसत नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे १९१६ मध्ये मार्गदर्शक श्वानांच्या प्रशिक्षणाची पहिली शाळा सुरू झाली. १९२९ मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल येथे आणि १९३१ मध्ये इंग्लंडमधील वॉलसी येथे हे काम सुरू झाले. पुढे ऐकू न येणाऱ्यांना दाराची घंटा कळविणारे, चाकाच्या खुर्चीवरील माणसाला पडलेली वस्तू उचलून देणारे, अपस्माराच्या रुग्णाजवळ थांबून राहणारे असे श्वानही तयार करण्यात आले.

अशा श्वानासह भाड्याचे घर मागणाऱ्याचा प्रश्न अमेरिकेने कसा सोडविला हे पाहण्यासारखे आहे. तेथील गृहनिवासविषयक कायद्यात १९८८ मध्ये दिव्यांगांना संरक्षण देण्यात आले. त्याखालील नियमांत एक साधे उदाहरणच दिलेले आहे: इमारतीत पाळीव प्राण्यांना मनाई आहे आणि एक अंध अर्जदार मार्गदर्शक श्वानासह तेथे घर मागतो. त्याला नकार देणे हा नियमभंग होय, कारण त्या श्वानाशिवाय त्याला इतरांच्या बरोबरीने घराचा उपभोग घेता येणार नाही. म्हणजे प्राण्यांना मनाई करणारा नियम इतरांसाठी तसाच राहतो. त्या एका माणसासाठी तो बाजूला सारावा लागतो. साहाय्यक प्राण्यांची सरकारी नोंदवही मात्र अमेरिकेतही नाही. पैसे भरून मिळणाऱ्या खाजगी ‘नोंदणी प्रमाणपत्रांना’ कायद्याचे बळ नाही, आणि खऱ्या गरजूंवरचा लोकांचा विश्वास अशा कागदांमुळे कमी होतो.

भारतात प्रशिक्षित मार्गदर्शक श्वान अजून विरळा आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात भाड्याच्या घरातील साहाय्यक प्राण्यांविषयी स्वतंत्र कलम नाही. परंतु दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करू नये हे तत्त्व त्यात आहे, आणि दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावा यासाठी, दुसऱ्यावर अवाजवी भार न टाकता, नियमांत व व्यवस्थेत आवश्यक ते फेरबदल करण्याची संकल्पनाही त्यात आहे. भारताने २००७ मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात तर साहाय्याच्या साधनांबरोबर सजीव साहाय्याचाही उल्लेख आहे.

म्हणून अशा भाडेकरूने करारनाम्यात आपल्या श्वानाचा उल्लेख ‘पाळीव प्राणी’ असा न करता ‘साहाय्यक प्राणी’ असा करून घ्यावा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा किंवा वैश्विक ओळखपत्राचा क्रमांक, प्रशिक्षण कोठे झाले याचा कागद आणि लसीचा दाखला एवढे पुरेसे आहे. आजाराचा सारा इतिहास घरमालकापुढे मांडण्याची गरज नाही. प्राण्यापोटी अधिक अनामत मागणे येथे शोभणारे नाही. काठीसाठी किंवा चाकाच्या खुर्चीसाठी कोणी अनामत मागत नाही. प्रत्यक्ष नुकसान झाल्यास ते भरून देण्याची जबाबदारी मात्र याही भाडेकरूवर असतेच. नकार मिळाला आणि तो दिव्यांगत्वामुळेच मिळाला असे वाटले, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करण्याचा मार्ग खुला आहे.

घर सोडताना

करार संपून कुटुंब दुसऱ्या गावी निघाले की प्राण्याचे कागदही त्याच्याबरोबर निघावयास हवेत. आरंभी काढलेली छायाचित्रे समोर ठेवून घरमालकासह पुन्हा पाहणी करावी, ठरलेली सफाई व रंगकाम करून द्यावे आणि अनामत परत मिळाल्याचे लिहून घ्यावे. प्राण्यापासून काही उपद्रव झाला नाही, अशा आशयाचे दोन ओळींचे पत्र घरमालकाने खुशीने दिले तर ते जपून ठेवावे. पुढच्या गावी घर शोधताना दहा आश्वासनांपेक्षा ते अधिक उपयोगी पडते. एका शहराच्या महानगरपालिकेचा परवाना दुसऱ्या शहरात चालत नाही. तेव्हा जुन्या कार्यालयास स्थलांतर कळवून नव्या ठिकाणी पुन्हा अर्ज करावा. बदली ग्रामपंचायतीच्या हद्दीत झाली असेल आणि तेथे परवान्याची पद्धत नसेल, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीची नोंद करून तो दाखला नव्या घरमालकाच्या करारनाम्याला जोडावा.